मोटरसायकल शर्यतीत इलेक्ट्रॉनिक्सचा वाटा कसा ओळखावा

२९ सप्टेंबर २०१३ रोजी स्पेनमधील आरागॉनच्या सर्किटवर मोटोजीपीची, म्हणजे मोटरसायकल शर्यतींच्या सर्वोच्च जागतिक मालिकेची, शर्यत सुरू होती. होंडाच्या कारखाना संघाचे (कंपनीच्या स्वतःच्या संघाचे) दोन्ही रायडर, दानी पेड्रोसा आणि मार्क मार्केझ, एकामागोमाग धावत होते. एका वळणाआधी ब्रेक लावताना मार्केझ थोडा पुढे घसरला आणि त्याच्या गाडीचा पेड्रोसाच्या गाडीच्या मागच्या भागाला निसटता स्पर्श झाला. तो स्पर्श इतका हलका होता की पेड्रोसाचा तोलही गेला नाही. मात्र पुढच्याच क्षणी त्याने वळणातून बाहेर पडण्यासाठी रोजच्यासारखी मूठ पिळली, मागचे चाक सुटले आणि गाडीने त्याला हवेत भिरकावून दिले. नंतर कळले की त्या स्पर्शात मागच्या चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरची वायर तुटली होती. मागचे चाक किती वेगाने फिरते आहे, हे गाडीच्या ईसीयूला, म्हणजे इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाला, कळेनासे झाले, त्यामुळे मागचे चाक घसरू लागताच ताकद कमी करणारे ट्रॅक्शन कंट्रोल निकामी झाले आणि इंजिनाची सारी ताकद थेट टायरवर आली. मार्केझला दंडाचा एक गुण मिळाला, तर अशी महत्त्वाची वायर उघडी ठेवल्याबद्दल होंडाचे उत्पादकांच्या क्रमवारीतील २५ गुण कापले गेले.

इलेक्ट्रॉनिक साहाय्य रायडरच्या यशात किती भर घालते, या प्रश्नावर दोन टोकांची मते नेहमी ऐकू येतात. एका मतानुसार आता गाडीच शर्यत जिंकते आणि रायडर केवळ वर बसलेला असतो. दुसऱ्या मतानुसार खरा रायडर कोणत्याही गाडीवर जिंकतोच. आरागॉनचा प्रसंग या दोन्ही मतांना छेद देतो. पेड्रोसा जगातील सर्वांत कुशल रायडरांपैकी एक होता, तरीही एक वायर तुटताच त्याच्या हाताचा अंदाज चुकला, कारण तो अंदाज ती वायर शाबूत आहे हे गृहीत धरूनच घडलेला होता. पण त्याच यंत्रणेवर त्याच दिवशी जे इतर रायडर धावत होते, ते एकाच वेगाने धावत नव्हते, हेही तितकेच खरे आहे. म्हणून इलेक्ट्रॉनिक्स महत्त्वाचे आहे की नाही, हा प्रश्न बाजूला ठेवावा आणि ते फेरीच्या कोणत्या भागात, शर्यतीच्या कोणत्या टप्प्यावर आणि किती फरक पाडते, एवढेच तपासावे. हे तपासण्याची पद्धत अवघड नाही, पण तिचा क्रम पाळावा लागतो.

आधी नियम पाहावेत

कोणत्याही शर्यतीबद्दल मत बनवण्याआधी त्या वर्गात काय चालते आणि काय चालत नाही, हे माहीत करून घ्यावे. निम्मे वाद येथेच मिटतात. मोटोजीपीमध्ये ट्रॅक्शन कंट्रोल, व्हीली कंट्रोल (पुढचे चाक उचलले जाऊ न देणारे), लाँच कंट्रोल (सुरुवातीच्या सुटण्यासाठीचे) आणि इंजिन ब्रेकिंगचे नियंत्रण यांना परवानगी आहे, पण ब्रेक लावताना चाक लॉक होऊ न देणाऱ्या एबीएसला नाही. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीहून मोठ्या प्रत्येक नव्या मोटरसायकलला जी सोय सक्तीची आहे, ती जगातील सर्वांत वेगवान गाड्यांना नाही, ही गोष्ट अनेकांना पहिल्यांदा ऐकताना खोटी वाटते. ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या वेगावरून ब्रेक लावताना पुढचे चाक लॉक होणार की नाही, हे तेथे रायडरची बोटेच ठरवतात.

मोटोजीपीत २०१४ पासून सर्वांना मॅग्नेटी मारेली कंपनीचा एकच ईसीयू वापरावा लागतो. तरीही त्यातील सॉफ्टवेअर कारखाना संघांना आपापले ठेवता येत होते. २०१६ पासून सॉफ्टवेअरही सर्वांसाठी एकच झाले. त्यामुळे २०१५ आणि २०१६ यांची तुलना आपल्याला पुढे फार उपयोगी पडणार आहे. त्याखालच्या मोटो २ वर्गात २०१९ पासून सर्वांना ट्रायम्फचे ७६५ सीसीचे इंजिन मिळते आणि तेथे ट्रॅक्शन कंट्रोल नाही. ब्रिटिश सुपरबाइक मालिकेने तर २०१२ मध्येच मोटेक कंपनीचा एकसारखा ईसीयू सक्तीचा केला आणि त्यातून ट्रॅक्शन कंट्रोल, व्हीली कंट्रोल आणि लाँच कंट्रोल हे तिन्ही काढून टाकले. म्हणजे बाजारात मिळणाऱ्या हजार सीसीच्या सुपरबाइकवर जे साहाय्य असते, ते शर्यतीच्या गाडीवर नाही, अशी स्थिती तेथे निर्माण झाली. ज्याला हाताची कला पाहायची असेल, त्याने त्या काळातील ब्रिटिश सुपरबाइकच्या शर्यती आवर्जून पाहाव्यात.

प्रत्येक यंत्रणेची जागा ओळखावी

इलेक्ट्रॉनिक्स हा एक शब्द असला तरी त्यातील प्रत्येक यंत्रणा वळणाच्या वेगवेगळ्या भागात काम करते. वळणाचे तीन भाग मनात आखून घ्यावेत: ब्रेक लावत आत शिरणे, वळणाच्या मध्यावर गाडी पूर्ण झुकलेली असणे, आणि मूठ पिळत बाहेर पडणे.

आत शिरताना इंजिन ब्रेकिंगचे नियंत्रण काम करते. मूठ सोडली की चार-स्ट्रोक इंजिन मागच्या चाकाला जोराने अडवते, चाक उड्या मारू लागते आणि गाडीचा मागचा भाग डोलतो. ते टाळण्यासाठी ईसीयू रायडरने मूठ पूर्ण सोडलेली असतानाही इंजिनात हवा सोडणारी थ्रॉटलची झडप किंचित उघडी ठेवतो. काही रायडरांना मागचा भाग थोडा बाहेर सरकलेला आवडतो, काहींना तो अजिबात हललेला चालत नाही. म्हणून ही मांडणी प्रत्येकाची वेगळी असते आणि ती रायडरच्या शैलीवरून ठरते.

वळणाच्या मध्यावर इलेक्ट्रॉनिक्सला फारसे करण्यासारखे काही नसते. गाडी साठ अंशांहून अधिक झुकलेली असते, रस्त्याला टेकलेला टायरचा भाग तळहाताएवढाही नसतो आणि पुढचे चाक सुटू लागले तर ते सावरणारी कोणतीही यंत्रणा मोटोजीपीच्या गाडीवर नाही. पुढचे चाक निसटल्यावर कोपर आणि गुडघा जमिनीला टेकवून गाडी पुन्हा उभी करण्यासाठी मार्केझ प्रसिद्ध आहे. ती करामत पूर्णपणे शरीराची आहे. म्हणून एखादा रायडर पुढचे चाक निसटून पडला, तर त्याचा दोष किंवा वाचला तर त्याचे श्रेय इलेक्ट्रॉनिक्सच्या खात्यावर कधीही मांडू नये.

बाहेर पडताना मात्र ट्रॅक्शन कंट्रोलचे राज्य सुरू होते. त्याच्याविषयीचा गैरसमज सर्वांत मोठा असल्याने ते जरा सविस्तर समजून घ्यावे. पुढच्या आणि मागच्या चाकांवर एकेक वेगमापक सेन्सर असतो. गाडीत बसवलेले एक छोटे यंत्र ती किती झुकली आहे, नाक किती वर उचलले आहे आणि ती कोणत्या बाजूला वळते आहे, हे सतत मोजत असते. झुकाव मोजणे आवश्यक असते, कारण मोटरसायकलचा टायर गोलाकार असतो. गाडी झुकली की टायर कडेवर चालू लागतो, तेथील घेर लहान असतो, आणि केवळ दोन चाकांच्या वेगाची तुलना केली तर गाडी घसरत नसतानाही घसरते आहे असे वाटू शकते. हा हिशेब करून मागचे चाक पुढच्यापेक्षा किती जास्त फिरते आहे, हे ईसीयू ठरवतो. घसरण मर्यादेबाहेर गेली की तो ठिणगी उशिरा देतो, काही ठिणग्या वगळतो किंवा थ्रॉटलची झडप मिटवतो.

येथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. शर्यतीतील ट्रॅक्शन कंट्रोल घसरण थांबवण्यासाठी बसवलेले नसते. टायर थोडा घसरत असतानाच सर्वांत जोराने पुढे ढकलतो आणि थोडी घसरण गाडीला वळायलाही मदत करते. म्हणून अभियंता प्रत्येक वळणासाठी किती घसरण हवी, याचे लक्ष्य ठरवतो. हे लक्ष्य जास्त ठेवले तर रबर लवकर संपते आणि कमी ठेवले तर वेग मिळत नाही. सरळ पट्ट्यावर पुढचे चाक उचलले जाऊ लागले की व्हीली कंट्रोल ताकद कमी करते. त्याची किंमत प्रवेगात मोजावी लागते, कारण कमी केलेली ताकद परत मिळत नाही. २०१६ मध्ये समान सॉफ्टवेअर आल्यावर डुकाटीच्या गाडीवरील पंखांची चर्चा एकदम वाढली, त्यामागे हेच कारण होते: हवेच्या दाबाने पुढचे चाक खाली राहिले, तर ईसीयूला ताकद कमी करावी लागत नाही.

कान आणि डोळे वापरावेत

सर्किटवर जाण्याची संधी मिळाली तर संथ वळणातून गाड्या बाहेर पडून लांब सरळ पट्ट्यावर जातात, अशी जागा निवडावी. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर तिसऱ्या वळणानंतरचा भाग तसा आहे. तेथे डोळे मिटून काही गाड्या नुसत्या ऐकाव्यात. हाताने नियंत्रित केलेल्या इंजिनाचा आवाज एकसंध चढत जातो. ट्रॅक्शन कंट्रोल काम करत असेल तर तोच आवाज तुटक, तडतडणारा, अडखळत चढणारा ऐकू येतो, जणू कोणी मिक्सरचे बटण झटपट चालू-बंद करत आहे. एकाच संघाच्या दोन गाड्या एकाच जागेवरून गेल्या आणि एकीचा आवाज जास्त वेळ तडतडला, तर त्या रायडरने मूठ जास्त लवकर किंवा जास्त झुकावावर पिळली, असा अंदाज बांधता येतो. टीव्हीवर समालोचकांचा आवाज मध्ये येतो, पण गाडीवरच्या कॅमेऱ्याच्या दृश्यात हे स्पष्ट ऐकू येते.

डोळ्यांनी पाहायचे ते मागच्या चाकाकडे. वळणातून बाहेर पडताना रस्त्यावर काळी रेघ उमटते का, गाडीचा मागचा भाग बाहेरच्या बाजूला झुकत राहतो का, पुढचे चाक जमिनीपासून हातभर वर तरंगत पुढे जाते का, हे पाहावे. पहिल्या पाच फेऱ्यांत हे दृश्य सर्वांचे सारखेच असते. शेवटच्या सात-आठ फेऱ्यांत ज्याची गाडी अजूनही शांत असते, त्याने शर्यतीच्या सुरुवातीला काय केले, ते परत जाऊन पाहावे. बहुतेक वेळा त्याने रबर जपलेले असते. हँडलवरच्या बटणांनी रायडर शर्यतीदरम्यान ट्रॅक्शन कंट्रोल, इंजिन ब्रेकिंग आणि ताकदीची पातळी बदलू शकतो. कोणती पातळी केव्हा बदलायची, हा निर्णय त्याचा स्वतःचा असतो.

वेळेचे तक्ते वाचावेत

माझ्या मते हीच पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि नेमकी हीच वगळली जाते. मोटोजीपी प्रत्येक शर्यतीनंतर सर्व रायडरांच्या प्रत्येक फेरीची वेळ, फेरीच्या चार भागांची स्वतंत्र वेळ आणि त्या फेरीतला सर्वोच्च वेग प्रसिद्ध करते. हा तक्ता कोणालाही उतरवून घेता येतो. त्यातील एकाच संघाचे किंवा किमान एकाच बनावटीच्या गाडीवरचे दोन रायडर निवडावेत. पहिल्या दोन फेऱ्या सोडून द्याव्यात, कारण त्या गर्दीच्या असतात. तिसऱ्या फेरीपासून शेवटापर्यंतच्या वेळा वहीत दोन रकान्यांत उतरवाव्यात.

आता दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली म्हणजे वेळ कशी वाढत जाते. एकाची वेळ हळूहळू, एकसारखी वाढते आणि दुसऱ्याची दहाव्या फेरीपर्यंत उत्तम राहून मग एकदम ढासळते. यंत्रणा एकच असताना हा फरक पडतो तो उजव्या मनगटामुळे. दुसरी गोष्ट म्हणजे फेरीच्या कोणत्या भागात फरक पडतो. संथ वळणांचा, जोरात प्रवेग घेण्याचा भाग असेल, तर तेथे ट्रॅक्शन आणि व्हीली कंट्रोलच्या मांडणीचा वाटा मोठा असतो. वेगवान, लांबलचक वळणांचा भाग असेल, तर तेथे गाडीची चौकट आणि रायडरचे धाडस बोलते. जोरदार ब्रेकचा भाग असेल, तर तो बहुतांशी रायडरचा असतो. म्हणूनच ऑस्ट्रियाच्या रेड बुल रिंगचा निकाल आणि ऑस्ट्रेलियाच्या फिलिप आयलंडचा निकाल एकाच मापाने मोजू नये. पहिल्या सर्किटवर थांबून पुन्हा सुसाट सुटायचे असते, तर दुसऱ्यावर डावीकडच्या लांब वळणांत मागचे चाक घसरत ठेवून मनगटाने खेळवायचे असते.

एकाच यंत्रणेवरच्या दोघांची तुलना

२००७ हे वर्ष या अभ्यासासाठी उत्तम आहे. त्या वर्षी इंजिने ९९० सीसीवरून ८०० सीसीवर आली, टाकीत २१ लिटर इंधनाची मर्यादा होती आणि इलेक्ट्रॉनिक्सने जोर पकडला होता. केसी स्टोनरने डुकाटीवर दहा शर्यती जिंकून विश्वविजेतेपद मिळवले. तेव्हा अनेकांनी याचे सारे श्रेय डुकाटीच्या सॉफ्टवेअरला दिले. पण त्याच संघात, त्याच गाडीवर, त्याच सॉफ्टवेअरसह लोरिस कॅपिरोसी धावत होता. तो अनुभवी होता, पूर्वी डुकाटीवर जिंकलेलाही होता, तरीही त्या वर्षी त्याच्या वाट्याला एकच विजय आला, तोही जपानमध्ये. सॉफ्टवेअरने जर शर्यती जिंकून दिल्या असत्या, तर दोघांना दिल्या असत्या.

भारतातही असा एक धडा मिळाला. सप्टेंबर २०२३ मध्ये बुद्ध सर्किटवर भारतातील पहिली मोटोजीपी शर्यत झाली. उष्म्यामुळे फेऱ्या कमी कराव्या लागल्या होत्या. ती शर्यत मार्को बेझेकीने मोठ्या फरकाने जिंकली. तो डुकाटीच्या आदल्या वर्षीच्या गाडीवर होता, तर नव्या गाडीवरचा होर्हे मार्टिन दुसरा आला आणि नव्याच गाडीवरचा फ्रान्चेस्को बान्याया पडला. तिघांचेही सॉफ्टवेअर समान. सर्किट सर्वांना नवे, त्यामुळे कोणाकडेही मागील वर्षांची आकडेवारी नव्हती. अशा ठिकाणी शुक्रवारच्या सरावातून रायडर जे सांगतो आणि अभियंता त्यातून जे समजतो, त्यावरच रविवारची मांडणी उभी राहते. हे संभाषण मला इलेक्ट्रॉनिक्सचाच भाग वाटते. गाडीच्या नोंदींमध्ये दोन रेषा शेजारी काढलेल्या असतात: एक रायडरने मूठ किती पिळली याची आणि दुसरी झडप प्रत्यक्षात किती उघडली याची. या दोन रेषांमधील अंतर म्हणजे यंत्रणेने रायडरकडून काढून घेतलेली ताकद. ज्या रायडरच्या दोन रेषा जवळजवळ राहतात, त्याच्यावर यंत्रणेला कमी काम करावे लागते आणि त्याचे टायरही सहसा जास्त टिकतात.

नियम बदलले तेव्हा काय झाले

२०१५ मध्ये मोटोजीपीच्या १८ शर्यती झाल्या आणि त्या केवळ चार जणांनी जिंकल्या: होर्हे लोरेन्झो, व्हॅलेंटिनो रॉसी, मार्केझ आणि पेड्रोसा. चौघेही यामाहा किंवा होंडाच्या कारखाना संघांचे. २०१६ मध्ये सॉफ्टवेअर सर्वांसाठी एक झाले आणि त्या वर्षी नऊ वेगवेगळे विजेते दिसले. त्यातील सलग आठ शर्यतींत तर आठ वेगळे विजेते होते. हे आकडे पाहून समान इलेक्ट्रॉनिक्समुळे सर्वांना संधी मिळाली, असे म्हणण्याचा मोह होतो. पण येथे घाई करू नये. त्याच वर्षी टायरही ब्रिजस्टोनऐवजी मिशेलिनचे आले, आणि दोन मोठे बदल एकत्र आले की त्यांचा परिणाम वेगळा काढणे कठीण होते. शिवाय पाऊस होता. जॅक मिलरचा आसेनमधील, कॅल क्रचलोचा ब्रनोमधील आणि आंद्रेआ डोव्हिझियोसोचा सेपांगमधील विजय ओल्या रस्त्यावर आला. म्हणून हे तीन बाजूला काढावेत आणि कोरड्या रस्त्यावरचे नवे विजेते पाहावेत. आंद्रेआ इयानोनेने ऑस्ट्रियात डुकाटीला २०१० नंतरचा पहिला विजय मिळवून दिला, तर माव्हेरिक विनालेसने सिल्व्हरस्टोनमध्ये सुझुकीला २००७ नंतरचा. दोन उत्पादकांच्या जागी चार उत्पादक कोरड्यात जिंकू लागले, एवढा निष्कर्ष मी ठामपणे काढतो. समान सॉफ्टवेअरने दारे उघडली. त्या दारातून आत कोण येणार, हे टायर आणि रायडर यांनी ठरवले. अजिंक्यपद मात्र त्या वर्षीही मार्केझकडेच गेले.

असे रायडर शोधावेत जे दोन्ही व्यवस्थांत जिंकले. मार्केझने २०१३ आणि २०१४ ची विजेतेपदे होंडाच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरवर, २०१६ ते २०१९ ची समान सॉफ्टवेअरवर आणि २०२५ चे डुकाटीवर मिळवले. शेन बर्नने ब्रिटिश सुपरबाइकची सहा विजेतेपदे जिंकली: दोन जुन्या नियमांखाली २००३ आणि २००८ मध्ये, आणि चार साहाय्यविरहित काळात, २०१२, २०१४, २०१६ आणि २०१७ मध्ये. आणखी मागे गेले तर १९९२ मध्ये होंडाने ५०० सीसीच्या टू-स्ट्रोक गाडीत चारही सिलिंडरचे स्फोट अगदी जवळजवळ आणले. दोन झटक्यांच्या मधल्या विश्रांतीत टायरला पुन्हा पकड घ्यायला वेळ मिळत असे. तारा-सेन्सर काहीही नसलेले हे एक प्रकारचे यांत्रिक ट्रॅक्शन कंट्रोलच होते. पण १९९७ मध्ये मिक डूहन जुन्या, अधिक तापट स्फोटक्रमाच्या इंजिनाकडे परतला आणि त्या वर्षी त्याने १५ पैकी १२ शर्यती जिंकल्या. सौम्य गाडी बहुतेकांना मदत करते. मात्र एखाद्याचा हात इतका तयार असतो की सौम्यपणा त्याला अडचण वाटतो.

जे इलेक्ट्रॉनिक्स नाही, ते त्यात मोजू नये

सुरुवातीला गाडी खाली बसवणारे होलशॉट उपकरण आणि वळणातून बाहेर पडताना मागचा भाग खाली आणणारे उपकरण, ही दोन्ही यांत्रिक आहेत. नियमांनुसार त्यांना इलेक्ट्रॉनिक नियंत्रण चालत नाही. धावताना पुढचा भाग खाली आणणाऱ्या उपकरणावर २०२३ पासून बंदी आली आणि २०२७ पासून, इंजिने ८५० सीसीची होताना, दोन्ही प्रकार पूर्ण बंद होतील. होंडाने २०११ मध्ये आणलेला अखंड ताकद देणारा गिअरबॉक्सही यांत्रिकच. डॅशबोर्डवर येणारे संदेश हे तर साहाय्य नव्हेच. २०१७ मध्ये सेपांगला लोरेन्झोच्या डॅशबोर्डवर ‘सुचवलेले मॅपिंग (इंजिनाची मांडणी): मॅपिंग ८’ असा संदेश आला, तेव्हा ईसीयूने आपली बुद्धी वापरली नव्हती. विजेतेपदाच्या शर्यतीत असलेल्या डोव्हिझियोसोला पुढे जाऊ द्यावे, असा तो संघाचा निरोप असल्याचे सर्वांनी ओळखले.

स्वतः ट्रॅकवर उतरताना

आपल्याकडे आता हे साहाय्य छोट्या गाड्यांवरही आले आहे. पुण्याजवळ चाकणला बनणाऱ्या केटीएम आरसी ३९० मध्ये २०२२ पासून ट्रॅक्शन कंट्रोल आणि वळणातील एबीएस आहे, आणि ती घेऊन कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर किंवा चेन्नईच्या सर्किटवर जाणारे मराठी तरुण कमी नाहीत. त्यांनी पहिल्या दिवशी यंत्रणा पूर्ण चालू ठेवावी आणि प्रत्येक वळणाबाहेर पडताना डॅशबोर्डवरचा ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा कुठे लुकलुकतो, ते मनात टिपून ठेवावे. दिवा नेहमी एकाच वळणावर लुकलुकत असेल, तर तेथे मूठ लवकर पिळली जाते आहे किंवा गाडी अजून फार झुकलेली आहे. गाडी आधी थोडी उभी करून मग मूठ पिळावी आणि दिवा लागतो का, ते पुन्हा पाहावे. दिवा विझला आणि फेरीची वेळ वाढली नाही, तर हात सुधारला. दिवा विझला पण वेळही वाढली, तर केवळ सावधपणा वाढला, हे मान्य करून पुन्हा प्रयत्न करावा. टायर गार असताना किंवा पाऊस असताना यंत्रणा बंद करण्याचा मोह टाळावा.

टायर बदलताना मूळ मापापेक्षा वेगळ्या मापाचा बसवला तर त्याचा घेर बदलतो, दोन चाकांच्या वेगांचे गुणोत्तर बिघडते आणि यंत्रणा विनाकारण ताकद कापू लागते किंवा हवी तेव्हा कापत नाही. आणि प्रत्येक सत्राआधी, स्टँडवर गाडी उभी असताना, मागच्या चाकाजवळ खाली बसून सेन्सर ज्यावरून वेग मोजतो ते दातेरी कडे चिखलाने भरलेले नाही ना, सेन्सर हलत नाही ना आणि त्याची वायर स्विंगआर्मला (मागचे चाक धरणाऱ्या भागाला) नीट बांधलेली आहे ना, हे बोटांनी चाचपून पाहावे. मग इंजिन चालू करून थोडे अंतर सावकाश चालवावे आणि डॅशबोर्डवरचा एबीएस व ट्रॅक्शनचा दिवा विझतो की नाही, ते पाहूनच ट्रॅकवर निघावे.